निळ्या सुतातली तिसरी गाठ

१

प्रोफेसर गुलाम हुसेन रविवारी संध्याकाळी टीव्हीवर धडधडीत खोटं बोलले, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या खिडकीची काच फुटली.

टीव्ही म्हणजे मुंबईचा मोठा टीव्ही नव्हे. रहमतुल्ला सेठच्या केबलवर आठवड्यातून एकदा भिवंडीचा स्वतःचा कार्यक्रम लागायचा. शहरातल्या निजामपुरा मोहल्ल्यात आणि आसपासच्या गावांत तो झाडून सगळे बघायचे. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, विहिरी तळाला गेलेल्या. गावागावांत एक बोलणं पसरत होतं, की निजामपुऱ्यातल्या सुताच्या कारखान्यांतल्या बॉयलरच्या धुराने ढग पळून जातात. बॉयलर मुसलमानांचे आणि विहिरी हिंदूंच्या. एवढं सांगितलं की भिवंडीकराला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून सेठने ठरवलं की जाणत्या माणसालाच विचारू, हवा तापते ती कशाने. प्रोफेसरांनी उभा जन्म कॉलेजात भूगोल शिकवलेला. मुलाखत घेतली जाहिदाने. केबलवर काम करणारी ती एकटीच मुलगी. रविवारी सगळ्यांनी पाहिलं ते असं:

जाहिदा विचारते, "सर, आज पृथ्वी तापतेय, ती माणसाने केलेल्या धुरामुळे का?"

प्रोफेसर मान हलवून हसतात. "छे! माणसाचा त्यात काही संबंध नाही. सूर्याचं ऊन आणि पृथ्वीची चाल, सगळा खेळ त्या दोघांचा."

झालं. रात्रीतून बातमी फिरली की बॉयलरवाल्यांनी प्रोफेसर विकत घेतला. सकाळी दगड आला. कोणाला लागलं नाही, पण प्रोफेसर माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केसरीनाथ, मी हे बोललो नाही हो," ते म्हणाले. "म्हणजे शब्द माझेच आहेत. पण मी हे बोललो नाही."

आता मी कोण, ते सांगतो. मी भिवंडीजवळच्या पूर्णे गावचा, एसटीचा निवृत्त कंट्रोलर, मोहल्ला कमिटीचा सदस्य आणि जातिवंत घाबरट माणूस. त्या सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त घाबरलो होतो, त्याला कारण होतं. ती कॅसेट दाखवण्याआधी, शनिवारी, मी स्वतः डोळ्यांनी पाहिली होती. तिच्यात प्रोफेसर बरोबर उलटं बोलले होते.

२

चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर आमच्याकडे मोहल्ला कमिट्या झाल्या. पुढे केबल आली तेव्हा आम्ही आपला एक कायदा केला. काहीही दाखवण्याआधी ते एका हिंदूने आणि एका मुसलमानाने शेजारी बसून शेवटपर्यंत बघायचं. दोघांना पटलं की कॅसेट सुताने गुंडाळायची आणि दोघांनी आपापली गाठ मारायची. दाखवायच्या वेळी गाठी सोडायच्या नाहीत, सूत गाठींपासून लांब ब्लेडने कापायचं आणि गाठींसकट डब्यात ठेवायचं. उद्या भांडण झालंच तर पुरावा असावा म्हणून.

हिंदू मी. मुसलमान बिल्किसबाई, उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धी भिवंडी त्यांच्या हातचा मार खाऊन मराठी शिकली. सासर लूमवाल्यांचं, म्हणजे यंत्रमागवाल्यांचं, त्यामुळे सीलचं निळं सूत त्या घरून आणायच्या आणि उरलेला कोन, म्हणजे सुताची शंकूसारखी गुंडाळी, पिशवीत घालून परत न्यायच्या. सूत कच्चं, ओढलं की तुटणारं. गुंडाळण्याआधी त्या सगळं सूत बोटांतून ओढून बघायच्या. त्या शनिवारी मध्येच त्यांना एक बारीक गाठ लागली, तर तो तुकडा तोडून फेकून दिला.

"बाई, गाठीने काय बिघडतं?" मी विचारलं होतं.

"नाथभाऊ, सीलवर दोनच गाठी पाहिजेत. तुमची आणि माझी. तिसरी दिसली की मला झोप लागायची नाही."

मी हसलो होतो. भाताची पेंढी बांधतो तसा पीळ देऊन मी माझी गाठ मारली. बाईंनी पेपरांचे गठ्ठे बांधल्यासारख्या एकावर एक तीन फासांची त्यांची मारली.

सोमवारी दुपारी सेठच्या ऑफिसात आम्ही गोळा झालो. सेठ त्याच सकाळी मालेगावच्या लग्नाहून आला होता. बाईंनी हाशिमला, म्हणजे कॅमेरा आणि मशिनं सांभाळणाऱ्या पोराला, एकच विचारलं. "सील जागेवर होतं?"

"कसम से, आपा. दोन्ही गाठी होत्या. मैंने ब्लेड मारा, और कैसेट लगाई."

"मग सरळ आहे," सेठ म्हणाला. "तुम्ही पाहिली ती कॅसेट वेगळी, आणि बांधायला हातात दिली ती वेगळी. दिली कोणी? जाहिदाने. चित्रणाची काटछाट आणि जोडकाम करतं कोण? जाहिदा. उद्या संध्याकाळी कमिटीसमोर मी तिचं नाव घेणार, आणि रविवारी टीव्हीवर वाचून दाखवणार. नाहीतर पुढचा दगड माझ्या काचेवर येईल."

जाहिदा कोपऱ्यात उभी होती. तिच्या मागे तिचे अब्बा, तीनबत्ती नाक्याजवळचे बांगडीवाले. फारच सभ्य माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "नाव टीव्हीवर वाचलं गेलं तर ही पुन्हा घराबाहेर पडणार नाही, सेठ. मी तिला मोठ्या मुश्किलीने पाठवलं होतं."

जाहिदाने मान खाली घातली नाही. ती फक्त बाईंकडे बघत राहिली. मला वाटलं, देवा, ही पोरगी खरी असली तर आपण तिला जिवंत गाडतोय. आणि खोटी असली, तर मग शनिवारी मी काय डोळे मिटून बसलो होतो?

बाई उठल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिका बोलली की सेठसुद्धा गप्प बसायचा.

३

बाईंनी जाहिदाला आणि प्रोफेसरांना समोरासमोर बसवलं. मूळ चित्रण शिल्लक नव्हतं. आमच्याकडे कॅसेटी धुऊन वापरल्यासारख्या पुन्हापुन्हा वापरतात. मुलाखतीच्या मूळ कॅसेटवर हाशिमने एव्हाना कोणाचातरी निकाह भरला होता.

"प्रोफेसरसाहेब, तुम्ही हसून 'छे' म्हणालात ते कशाला?" बाईंनी विचारलं.

प्रोफेसर आठवू लागले. पण जाहिदाच आधी बोलली. "आपा, ते उत्तर बर्फाच्या युगाचं आहे! मी दोन प्रश्न लागोपाठ विचारले होते. पहिला असा की लाखो वर्षांपूर्वी पृथ्वीवर बर्फ आला आणि गेला, तो माणसामुळे का? त्यावर सर हसले. दुसरा प्रश्न आजच्या तापण्याचा."

"आणि दुसऱ्याला मी म्हणालो," प्रोफेसर म्हणाले, "की हो, माणसाच्या धुरानेच. कोळसा, डिझेल, पेट्रोल, साऱ्या जगाचं. विलायतेचं जास्त, आपलं थोडं. एका चिमणीने कोणाचे ढग पळत नाहीत आणि गेल्या वर्षीच्या पावसाचा दोष निजामपुऱ्यावर टाकता येत नाही. हे मी दोनदा बोललो. मुद्दाम."

मला आता सगळं आठवलं. शनिवारी हे ऐकून मला हायसं वाटलं होतं.

म्हणजे चोराने प्रोफेसरांच्या तोंडचा एक शब्दही बदलला नव्हता. दुसरी कॅसेट लावून उतरवून घेताना पहिला प्रश्न गाळला आणि दुसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर चिकटवलं. खरं उत्तर उडवून टाकलं.

"हे काम कोणाला येतं?" बाईंनी विचारलं.

जाहिदा म्हणाली, "मला. हाशिमभाईला. म्हणून तर सगळे माझ्याकडे बघतात ना."

"आणखी कोणाला?"

"कोणाला नाही. मी अंधाराआधी घरी जाते. जाहिराती तेवढ्या बाळारामभाऊ गोळा करून आणतात आणि शेवटी स्वतः मध्ये घालतात. पण ते म्हणजे फक्त दोन बटणं, आपा."

बाई उठल्या आणि सरळ गाठींच्या डब्याकडे गेल्या.

४

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत निळं सूत पडलं होतं, ब्लेडने एका जागी कापलेलं. बाईंनी चष्मा पुसला आणि सूत माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुमची गाठ ओळखा."

पीळ होता. पण माझा पीळ उजवीकडे जातो, हा डावीकडे गेला होता. बाईंच्या गाठीत फास तीनच होते, पण सैल पडलेले. कोणीतरी बघून-बघून नक्कल केली होती.

"भास असेल," मी म्हणालो. मला तो भासच असायला हवा होता.

"मग हा पण भास का?" बाईंनी सूत बोटांतून ओढलं. मध्यावर त्यांचं बोट थांबलं. मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. बाजरीच्या दाण्याहून बारीक काहीतरी लागलं. गाठ होती. शेंडे मुळापासून तोडलेले, असे सफाईने की डोळ्याला दिसू नयेत.

"सील सोडताना कच्चं सूत तुटलं," बाई म्हणाल्या. "निळं सूत दुसरं मिळेना, कोन माझ्या पिशवीत होता. म्हणून त्याने तेच सांधलं."

"म्हणजे कॅसेट सील झाल्यावर बदलली!"

"हो. शनिवारी जाहिदा माझ्याच रिक्षातून घरी गेली. रविवारी दिवसभर अब्बांच्या दुकानात होती. शेजारच्या चार दुकानांनी तिला पाहिलंय. मशिनांच्या खोलीची चावी तिच्याकडे नाही. चाव्या सेठकडे, हाशिमकडे आणि बाळारामकडे. सेठ मालेगावात होता."

राहिले दोन. एक त्यांचा, एक आमचा. बिल्किसबाईंसमोर मला हे मोजल्याची लाज वाटली, पण मी मोजलंच. भिवंडीत प्रत्येक जण आधी तेच मोजतो. हाशिम निघाला तर गावं पेटतील, बाळाराम निघाला तर निजामपुरा. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो, आणि कोणासाठी ते मला सांगता आलं नसतं.

"बाई, ही गाठ कसली?" मी विचारलं.

"लूमवरची. मागावर धागा तुटला की कारागीर ही गाठ मारतो. लांब शेंडा राहिला तर फणीत अडकून कापड बिघडतं, म्हणून तो जागच्या जागी तोडतो. माझ्या सासरी अशा हजारो पाहिल्यात. मला स्वतःला अजून जमत नाही."

हाशिम लूमवर वाढलेला पोरगा होता.

५

हाशिमने आम्हाला चहा दिला तो डाव्या हाताने. बाईंनी निळ्या सुताचे दोन तुकडे त्याच्यासमोर ठेवले. "हे सांधून दे बाबा."

तो आधी हसला, मग त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याने उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं पेरापासून गेलेली होती.

"लूम के गियर में गई, आपा. शर्टाचं बटन अम्मी लावते. म्हणून तर मी ब्लेड मारतो ना. गाठ मला सुटत पण नाही, बसत पण नाही."

बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मग कोणीच उरलं नाही. बाळाराम तर अंबाडी गावचा शेतकरी."

बाळाराम जाहिराती गोळा करायचा. बोलका, सगळ्यांचा लाडका गडी. दंगलीच्या पुढच्या वर्षी तो सेठकडे चिकटला. आधी टेप रेकॉर्डरच्या दुकानात, मग केबलवर. त्याआधीचं कोणी कधी विचारलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा तो खिडकीतून रस्ता न्याहाळत होता. माझ्यासारखाच घाबरलेला दिसला.

"बाई, त्या पोरीला सोडा," आम्ही बसायच्या आधीच तो म्हणाला. "ल्हान हाय. चुकली आसंल. पन टीव्हीवर नाव कशाला?"

"तिने केलं असं तुला वाटतं?"

"मला काय ठावं? मला मशिनीतलं काय बी कळत न्हाय."

"आणि लूमवरचं?"

"लूम? मी शेतीचा मानूस, बाई. त्या खडखडाटात जल्मात पाय न्हाय ठेवला."

बाईंनी मान डोलावली. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "नाथभाऊ, सगळे मला घाबरून विचारतात की कोणी केलं. त्याने ते विचारलंच नाही."

"हा पुरावा नव्हे, बाई."

"नाही. पुरावा उद्या तो स्वतः देईल. नाही दिला तर त्या पोरीचं संपलं, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही."



६

मंगळवारी संध्याकाळी कमिटी भरली. प्रोफेसर होते, सेठ होता. बांगडीवाले अब्बा दाराशी छत्री हातात घेऊन उभेच राहिले. 'बसा' म्हटलं तरी बसेनात. निकाल लागला की मुलीला घेऊन चालू पडायचं, एवढ्याचसाठी ते आलेले दिसत होते.

सेठने घसा साफ केला. "तर, जाहिदाचं नाव..."

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "आधी रविवारच्या माफीसाठी कॅसेट बांधून ठेवू. बाळाराम, ही धर रे."

त्यांनी एक कोरी कॅसेट बाळारामच्या हातात दिली आणि तिच्याभोवती निळं सूत फिरवू लागल्या. फिरवता फिरवता विचारलं, "तू काल म्हणत होतास, पोरीला सोडा. आज सगळ्यांसमोर सांग बघू, का सोडायचं?"

बाळाराम कळवळून बोलू लागला. "सोडा म्हंजे काय, बाई, मानसाची चूक होती. कोनाचं वाईट करायचं म्हनून कोनी करत न्हाय. कवा कवा मानूस भ्यालेला आसतो..."

बाईंच्या हाताला हिसका बसला. सूत तुटलं.

"भ्यालेल्या मानसाला दुसरं काय बी दिसत न्हाय," बाळाराम बोलतच होता, सेठकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून. त्याने कॅसेट मांडीवर ठेवली होती आणि त्याच्या हातांनी सुताची दोन टोकं उचलली होती. अंगठा फिरला, टोकं एकमेकांत गेली, हात तोंडाशी गेला आणि दातांनी शेंडे तोडले. हे सगळं त्याचं वाक्य संपायच्या आत झालं.

खोलीत कोणी हालेना. सगळे आपल्याकडे का बघतायत हे बाळारामला कळेना. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"बाळाराम," बाई हळूच म्हणाल्या, "अंबाडीला भाताच्या पेंढ्या अशा बांधतात का रे?"

त्याने सूत खाली टाकलं, जणू चटका बसला. मग खुर्चीत मागे टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"व्हतो मी लूमवर," तो बोटांआडून म्हणाला. "हितंच, निजामपुऱ्यात. माजा जोडीदार शेजारच्या मागावर. चौऱ्याऐंशीला मी चहा आनाया भायेर गेलो, तवर आत आग लावली. तो आतच ऱ्हायला. तवापासनं मी कोनाला सांगत न्हाय का मी कदी लूमवर व्हतो."

सेठने पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने घेतला नाही.

"मागल्या हप्त्यात अंबाडीच्या नाक्यावर पोरं बोलत व्हती. रईवारी टीव्हीवर कळू दे धुरानं व्हतंय का, मंग बगू कोनाची चिमनी हुबी ऱ्हाते ती. आन परफेसर तर 'हो' म्हनाले! फुडचं कोन ऐकनार? 'हो' आयकून उठतील का न्हाई? मी म्हनलो, सूर्याच्या माथी मारू. सूर्याला ना जात, ना धरम. सूर्यावर कोन दगूड टाकनार?"

"दगड पडलाच की," प्रोफेसर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माझ्या खिडकीवर. आणि ज्या एका वाक्याने तो थांबला असता, ते तू कापून टाकलंस."

"आणि ही?" बाईंनी जाहिदाकडे बोट केलं. आता त्या खऱ्या चिडल्या होत्या. "हिचं नाव जाणार हे कळल्यावर तरी तोंड उघडायचंस."

बाळारामने मान खाली घातली. "वाटलं, पोरीची जात. आज ना उद्या लगीन व्हऊन जाईल. तिचं काय बिघडतंय."

मला त्याच्या भीतीची दया आली होती, ती या वाक्यावर आटली. कारण मी ओळखलं, की या खोलीतल्या आम्ही बऱ्याच पुरुषांनी मनात तेच म्हटलं होतं.

७

सेठ उठून उभा राहिला. "ठीक आहे. जाहिदा बेटी, तुझं नाव कोणी घेणार नाही. बाळाराम उद्यापासून नको. बात खतम. टीव्हीवर मी दोन शब्द बोलतो, काहीतरी मशीन बिघडली म्हणून. अमुक एकाने केलं म्हटलं की पुन्हा भानगड."

मी सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला सांगू. कोणाचंच नाव नाही, त्यांचंही नाही आणि आमचंही.

"नाही, सेठ," जाहिदा म्हणाली.

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "गल्लीतल्या सगळ्यांनी मला तो प्रश्न विचारताना पाहिलंय. मशीन बिघडली म्हणालात तर उद्या ते म्हणतील, पोरीला वाचवलं. सरांचं उत्तर सर पुन्हा देतील, पूर्ण. आणि ते कापलं कोणी आणि का, हेही पूर्ण दाखवायचं. बाळारामभाऊ, मी विचारीन. तुम्ही बोलाल?"

"अगं, पेटेल ना!" मी न राहवून म्हणालो.

"काका, अर्धंच दाखवल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. कायदाच तसा होता, आमच्या दोघांचा होकार पाहिजे.

बाळारामने खाली पडलेल्या सुताकडे पाहिलं. "माजं बी सगळं दाखवशील ना?" त्याने विचारलं. "जोडीदाराचं पन? का नुसतंच, मी कापलं म्हनून?"

"सगळं दाखवीन," जाहिदा म्हणाली. "प्रश्नासकट."

हाशिमने कॅमेरा खांद्यावर घेतला. जाहिदाने ओढणी सारखी केली आणि बाळारामसमोर खुर्ची ओढून बसली. तिने हाशिमला बजावलं, की आधी माझ्यावर धर, मग न थांबवता त्यांच्याकडे फिरव, मध्ये कुठे बंद करू नकोस. दाराशी उभ्या तिच्या अब्बांनी इकडेतिकडे पाहिलं, छत्री भिंतीला टेकवली आणि एक स्टूल घेऊन बसले.

"बाळारामभाऊ," जाहिदाने विचारलं, "तुम्ही कोणाला घाबरला होतात?"